हजेरीपट मोठ्यानं वाचताना

डिसेंबर १९९४मध्ये राजस्थानातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनावणी भरवली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले जात आणि कामावर पाऊलही न ठेवलेल्यांच्या नावापुढे मजुरी चढवलेली निघे. सरकारी कागद खुले करण्याच्या मागणीला यातून बळ मिळत गेलं आणि माहितीचा अधिकार महाराष्ट्रानं २००२मध्ये, देशानं २००५मध्ये कायद्यात आणला. काळ कठीण झाला की आपण प्रेरणेसाठी मोठ्या नेत्यांकडे पाहतो. आम्हाला ती या मजुरांत दिसते, कारण त्यातल्या अनेकांना अक्षरओळखही नव्हती, तरी हिशेबाचा कागद त्यांनीच मागितला.

या कायद्याच्या आडून खंडणी उकळली जाते, असा आक्षेप आहे. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण खंडणी दडवलेल्या कागदासाठीच मागता येते. कलम ४प्रमाणे कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर केली, तर हा धंदा बसेल. खासगीपणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. मात्र २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातला व्यक्तिगत माहितीचा अपवाद इतका रुंद केला, की उद्या हजेरीपटावरची नावंही नाकारली जातील, ही भीती आम्हाला रास्त वाटते. सरकारी तिजोरीतून निघालेली मजुरी कुणाची खासगी बाब कशी?

म्हणूनच ‘उत्तरदायित्व’ हा विषय आम्ही आत्ता घेतला आहे, आणि तोही अर्जदाराच्या बाजूनं. दहा रुपयांचा अर्ज करून तीस दिवस वाट पाहिली असेल, तर अनुभव आम्हाला कळवा. नकाराचं पत्र आलं असेल, तर त्याची प्रतही पाठवा.