आधी किल्ला, मग कागद

युद्ध कुठेही पेटलं की दोन दिवसांत एक वाक्य आपल्या फोनवर येतंच : ‘आंतरराष्ट्रीय कायदा वगैरे काही नसतं, बळी तो कान पिळी.’ युक्रेन असो, गाझा असो, इराण असो, वाक्य तेच. ते पुढे पाठवणाऱ्याला आपण फार व्यवहारी आहोत असं वाटतं. मला ते वाक्य अडाणीपणाचं वाटतं. आणि ठाणे-कल्याणात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही, कारण कान पिळणाऱ्या बळीचं राज्य कसं असतं ते या गावांनी भोगलेलं आहे.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या तटाच्या आत आहे, तो जुना किल्ला. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. १७७४ साली पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॉस्टिन रीतसर वस्तीला होता आणि दोन्ही सत्तांमध्ये युद्ध नव्हतं. मात्र नारायणरावाच्या खुनानंतर पेशवाईत भाऊबंदकी माजली होती आणि मुंबईकर इंग्रजांचा साष्टी बेटावर फार दिवसांचा डोळा होता. तेवढ्यात बातमी आली की पोर्तुगीज साष्टी आणि वसई परत घेण्याच्या तयारीत आहेत. त्यांनी घेण्याआधी आपणच घेतलेली बरी, असं मुंबईच्या कौन्सिलने ठरवलं. डिसेंबर संपता संपता ठाण्याचा किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

यातली सबब नीट ऐका. ‘शत्रू हल्ला करणारच होता, म्हणून आम्ही आधी केला.’ आणि इथे तर तो शत्रू मराठेही नव्हते! तिसऱ्याच्या भीतीपोटी दुसऱ्याचा किल्ला घेतला. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर चाल केली तेव्हा, आणि जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा, सबबीचा सांगाडा हाच होता. अडीचशे वर्षांत तोफांच्या जागी क्षेपणास्त्रं आली, सबब बदलली नाही.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांनी राघोबाकडून साष्टी-वसई लिहून घेतली. म्हणजे आधी किल्ला, मग कागद. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला हे रुचलं नाही. मुंबईकरांचं युद्ध अन्याय्य ठरवून त्यांनी नवा वकील पाठवला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. युद्ध अन्याय्य होतं, मग ठाणं परत? छे! साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली, तेव्हा साष्टीसुद्धा परत देऊ असं त्यांनी लिहून दिलं. फौज सुखरूप मुंबईला पोचल्यावर वरिष्ठांनी सांगितलं, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. १७८० मध्ये कल्याणही इंग्रजांनी घेतलं आणि मराठी फौजा ते सोडवण्यासाठी गावाभोवती लढत राहिल्या. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्यात कल्याण-वसई परत आली. ठाणं आलं नाही.

आठ वर्षांत चार करार झाले. तरी किल्ला ज्याने पहिल्या दिवशी घेतला होता, त्याच्याकडेच राहिला. कायदा नसलेल्या जगात तह म्हणजे दोन चढायांमधली विश्रांती असते, ती अशी. आणि मराठेही काही गरीब गाय नव्हते. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालात जे केलं, त्यामुळे ‘बर्गी’ हा शब्द तिथल्या आयांनी पोरांना झोपवताना भीती घालायला वापरला. त्या जगात प्रत्येक जण कधी पिळणारा असे, कधी पिळला जाणारा.

अशा जगात एक गोष्ट सर्वमान्य होती : जिंकलं की ते आपलं. युद्ध करणं हा राज्याचा हक्क आणि विजय हा मालकीचा पुरावा. हा नियम मोडायला माणसांना फार वेळ लागला. १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांनी युद्ध कसं करावं याचे नियम केले. ते करूच नये असं म्हणायची छाती कोणाची झाली नाही. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला. शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळकांचं नाव प्रतिनिधी म्हणून दिलं होतं, पण त्यांना पॅरिसला पोचता आलं नाही. १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लेखी निवेदन धाडलं. त्याचा रोख असा की स्वतंत्र भारत दुसऱ्याच्या मुलखावर डोळा ठेवणारा नसेल, आशियात तो शांततेचा आधार होईल. परिषदेत भारताच्या खुर्चीवर ब्रिटिश सरकारने पाठवलेली माणसं बसली. १९२८ च्या पॅरिस करारात युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून त्याज्य ठरलं आणि त्यावरही पहिल्या पंधरा सह्यांत ‘भारत’ होता. तेव्हा आपल्याला स्वतःचं सरकारही नव्हतं! अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. मग १९४५ ची सनद आली. तिच्या कलम २(४) ने बळाचा वापर आणि धमकी दोन्हींना मनाई केली. कलम ५१ ने सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा ठेवली.

‘आणि तरी युद्धं झालीच ना?’ झाली. चोरीविरुद्ध कायदा असूनही चोऱ्या होतात, म्हणून चोराच्या घरातला टीव्ही त्याचा होत नाही. बदल इथे आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, जगाने तो त्याचा मानला नाही आणि ओकायला लावला. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला, तो आजही बहुतेक जगाच्या लेखी रशियाचा नाही. १७७४ मध्ये ठाण्याच्या बाबतीत असं म्हणणारं कोणी नव्हतं.

आणि या कायद्याचा उपयोग आपल्याला झालेला आहे. अगदी मराठी कागदाच्या जोरावर.

मुंबईकर इंग्रजांशी लढाई चालू असतानाच, १७ डिसेंबर १७७९ ला, पेशव्यांनी पोर्तुगिजांशी पुण्यात तह केला. पोर्तुगीज मित्र राहावेत म्हणून वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं त्यांना लावून देण्याचं ठरलं, आणि १७८३ व १७८५ मध्ये त्यासाठी सनदा निघाल्या. हीच ती दादरा आणि नगर हवेलीची गावं. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर गटांच्या स्वयंसेवकांनी ती मुक्त केली. संगीतकार सुधीर फडकेही त्या मोहिमेत होते. दमणहून कुमक पाठवायची तर वाटेत भारताचा मुलूख, आणि भारताने वाट बंद केलेली. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला.

मग हेगमध्ये, देशोदेशींच्या न्यायाधीशांसमोर, नाना फडणवीसांच्या काळातल्या मराठी मजकुराचा कीस निघाला. पोर्तुगाल म्हणे, ही गावं आम्हाला सार्वभौम हक्काने मिळाली. न्यायालयाने पाहिलं की पेशव्यांना जिथे खरंच राज्यहक्क द्यायचा असे, तिथे त्यांच्या करारांत तसे स्पष्ट शब्द येतात. इथे ते नाहीत. सनदांत आहे ती जहागीर, सरंजाम. म्हणजे मराठ्यांनी वसूल दिला, राज्य दिलं नाही. गावांवरची पोर्तुगीज सत्ता पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने मूकपणे मान्य केली होती, हेही न्यायालयाने नोंदवलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांना तो हक्क नव्हता. हा मुद्दा आठ विरुद्ध सात, एका मताने सुटला. भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा. भारताच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला. दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली ती या निकालानंतर, १९६१ मध्ये. अडीच देशांचा, पावणेदोनशे वर्षांचा तंटा एका खोलीत निकाली निघाला. याला ‘नुसता कागद’ म्हणायचं?

आता दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. पोर्तुगालने दावा लावताच, जानेवारी १९५६ मध्ये, भारताने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करणारं आपलं जुनं निवेदन मागे घेतलं. पाहुणा आत आल्यावर दाराला कडी. १९७४ च्या नव्या निवेदनात तर सशस्त्र संघर्षाशी संबंधित तंटे सरळ वगळले. म्हणजे ज्या कामासाठी न्यायालय हवं, त्याच कामाला ते नको.

आणि गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आत गेलं, १९ तारखेला पोर्तुगिजांनी शरणागती दिली. १९५५ च्या सत्याग्रहात वीसहून अधिक निःशस्त्र माणसं गोळ्यांनी पडली होती. सालाझार बोलायलाही तयार नव्हता. मुक्ती योग्यच होती. पण सुरक्षा परिषदेत माघारीचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पुढे आला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने अडला, हे आपल्या मुक्तिकथांतून गळतं. वसाहत हेच कायमचं आक्रमण आहे आणि ही मुळात आमचीच भूमी, असा भारताचा युक्तिवाद होता. त्याचा पहिला अर्धा भाग मला पटतो. वसाहतींविरुद्धचा १९६० चा ठराव त्याच्या पाठीशी होता. दुसऱ्या अर्ध्याची भीती वाटते. ‘मुळात आमचंच’ हे सद्दामने कुवेतबद्दल म्हटलं, पुतिन युक्रेनबद्दल म्हणतात.

मग फरक कसा करायचा? एक कसोटी गोव्यानेच दिली. १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांना विचारलं गेलं : महाराष्ट्रात येता का? ते नाही म्हणाले आणि महाराष्ट्राने ते मुकाट मान्य केलं. भारतात यायचं का, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एका दमात सांगता यायला हव्यात. ज्या मुलखात सैन्य गेलं, तिथल्या माणसाला नंतर ‘नाही’ म्हणता येतं का? क्रिमियात, खेरसनमध्ये बंदुकीच्या छायेत मतपेट्या मांडल्या गेल्या, तिथे कोणाला ‘नाही’ म्हणता आलं?

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियन आक्रमणाचा निषेध केला. पाच विरोधात गेले. पस्तीस तटस्थ राहिले, त्यांत भारत. तेल, शस्त्रं, जुनी मैत्री ही कारणं मला माहीत आहेत. मुंबईच्या कौन्सिलकडेही कारणं होती.

उलट जेव्हा आपल्याला गरज पडली, तेव्हा आपण कुठे गेलो? २०१७ मध्ये कुलभूषण जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारत हेगला धावला. हरीश साळव्यांनी एक रुपया घेऊन बाजू मांडली आणि १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने पाकिस्तानला दोषी धरलं. जाधव सुटले नाहीत, पण फाशी थांबली. त्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांनी परवा ‘आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे विनोद’ हा मीम पुढे ढकलला असेल, तर स्वतःलाच एकदा जाब विचारावा. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या तळांवर हल्ले झाले तेव्हाही भारताने मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या निवेदनातच सांगितलं की कारवाई मोजूनमापून केली आहे, पाकिस्तानी लष्करी ठिकाणांना हात लावलेला नाही. कायदा विनोद असता तर अशा वेळी हे वाक्य कोणासाठी लिहिलं?

बळी तो कान पिळी हे वाक्य बळीच्या सोयीचं आहे. त्याला टाळ्या देणारा बहुतेक वेळा ज्याचा कान आहे तो असतो. आपण महासत्ता होऊ तेव्हा होऊ, पण तेव्हाही कोणाचा तरी कान आपल्या हातात असेल, आणि तो सोडायला लावणारा नियम तेव्हा जास्तच लागेल.

म्हणून पुढच्या युद्धाची बातमी येईल तेव्हा, ते कोणाचंही असो, आपलंही, तीन प्रश्न विचारा. हल्ला झाला होता, की ‘होणार होता’? किल्ला आधी घेतला, की कागद आधी दाखवला? आणि तिथल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का? उत्तरं झेंडा बघून बदलू लागली, तर समजा की आपण मुंबईच्या कौन्सिलमध्ये जाऊन बसलो आहोत आणि समोर ठाण्याचा किल्ला आहे.