ओस प्रयोगशाळा आणि मालकी हक्क

ओसाड पडलेल्या काँक्रीटच्या वास्तूंतून हिंडून छायाचित्रे टिपण्याची हौस हल्ली जगभर वाढली आहे. पडझडीतले सौंदर्य या हौशी मंडळींना अचूक दिसते. वास्तू ओस का पडली, हे मात्र छायाचित्रात उमटत नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅमजवळ पॉल रुडॉल्फ या वास्तुशिल्पज्ञाने बरोज वेलकम या औषध कंपनीसाठी बांधलेली संशोधन-इमारत १९७२ साली उघडली. कलत्या भिंती, तिरपे खांब, षट्कोनी दालने असा तो ब्रुटॅलिस्ट म्हणविल्या जाणाऱ्या राकट शैलीचा बडा नमुना. संशोधन वाढेल तशी वास्तूही वाढावी, अशी तिची आखणी होती. प्रत्यक्षात वाढली ती मक्तेदारी. १९९५ मध्ये ग्लॅक्सोने ही कंपनी गिळली, २०१२ मध्ये इमारत विकली गेली, अखेरची काही वर्षे रिकामी राहिली आणि २०२१ मध्ये जमीनदोस्त झाली. वास्तुरसिकांनी निषेध केला. मालकाने कायद्याने मिळालेला हक्क बजावला.

हाच हक्क त्या कंपनीने औषधावरही बजावला होता. एड्सवरील पहिले औषध एझेडटी हे जेरोम हॉरविट्झ यांनी १९६४ मध्ये सरकारी अनुदानावर प्रथम तयार केले. एड्सच्या विषाणूवरील त्याचा प्रभाव पारखण्यातही सरकारी कर्करोग संस्थेचा मोठा वाटा होता. कंपनीच्या शास्त्रज्ञांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. पण पेटंट एकट्या कंपनीचे झाले, आणि १९८७ मध्ये रुग्णाचा वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलरांवर गेला. एप्रिल १९८९ मध्ये चळवळीतल्या चार कार्यकर्त्यांनी याच इमारतीतील एका कचेरीत स्वतःला कोंडून घेतले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात निदर्शने झाली, तेव्हा कुठे किंमत वीस टक्क्यांनी उतरली. बाजाराच्या अदृश्य हाताला एवढा दृश्य धक्का द्यावा लागला!

भारतात १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले. म्हणूनच हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेने शोधलेल्या प्रक्रियेने मुंबईची सिप्ला १९९३ मध्ये एझेडटी बनवू शकली. २००१ मध्ये तिने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजारांपुढे होता. २००५ च्या दुरुस्तीने ते दार बरेचसे लोटले गेले.

म्हणून मागणी नेमकी हवी. सरकारी प्रयोगशाळेचे संशोधन कंपनीच्या हवाली करताना किमतीची कमाल मर्यादा करारातच लिहिली जावी, आणि तो करार जनतेला वाचावयास मिळावा.