दुसऱ्या उसळीच्या आत

लहान विमानांच्या उतरतानाच्या अपघातांत माणसे बहुधा वाचतात, विमान मात्र जायबंदी होते. नाकाचे चाक मोडणे, प्रोपेलर जमिनीला लागणे, धावपट्टी सोडून घसरणे हे नेहमीचे प्रकार. त्यांतल्या बऱ्याच अपघातांचे मूळ फायनलवरच्या, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यातल्या, वेगात असते.

सेसना १७२ एसच्या हस्तपुस्तिकेत पूर्ण फ्लॅपसह हा वेग ६० ते ७० नॉट दिला आहे. ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून ६५ ऐवजी ७५ नॉट राखले, की गतिज ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने वाढते. मग फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, विमान तरंगत राहते, धावपट्टी मागे पडत जाते आणि धीर सुटलेला वैमानिक ते जबरीने टेकवू पाहतो.

अशा वेळी नाकाचे चाक आधी आपटते, नाक वर उसळते आणि विमान पुन्हा हवेत जाते. वैमानिक योक पुढे ढकलतो. पण विमान प्रतिसाद देईपर्यंत नाक आपणहून खाली येऊ लागलेले असते. वैमानिकाने दिलेला धक्का नेमका उलट्या वेळी पडतो. दुसरा आदळ पहिल्याहून जोरदार, तिसरा त्याहूनही. प्रोपेलर जमिनीला लागला तर पाती बदलून भागत नाही; इंजिन उघडून तपासावे लागते. म्हणून मोठ्या उसळीनंतर सावरण्याची खटपट नको, गो-अराउंडच, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणेच, हवे: पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप लगेच २० अंशांवर, पुढचे टप्प्याटप्प्याने. ताकद येताच नाक वर आणि डावीकडे जाऊ पाहते. योकवर पुढचा दाब आणि उजवे रडर तयार हवे.

जीव घेणारा प्रकार याच्या आधी, बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलकडे वळताना घडतो. बेसवर वारा पाठीशी असला की वळण धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. ते आवळण्यासाठी आतल्या बाजूचे रडर दाबले जाते, योक मागे ओढला जातो. उंची राखत घेतलेल्या ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा) वेग १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. एवढ्या कमी उंचीवर स्टॉल होऊन लागलेली स्पिन (गिरकी) सोडवायला जागाच नसते.

उतरताना धावपट्टी सोडून जाण्याला जेट विमानेही अपवाद नाहीत. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात एक खासगी लिअरजेट ४५ उतरताना धावपट्टीबाहेर भरकटले. आतले आठही जण वाचले.

गो-अराउंड शिकवला सगळीकडे जातो, पण बहुतेकदा प्रशिक्षकाच्या हुकमावर. तिथेच गफलत आहे. न सांगता, स्वतःच्या निर्णयाने फ्लेअरमधून गो-अराउंड केल्याखेरीज विद्यार्थ्याला एकट्याने उड्डाणास सोडू नये, आणि त्यासाठी त्याचे गुणही कापू नयेत.