इतिहासाच्या पेपरात गुण कशाला मिळतात?

शाळा सुरू होऊन महिना झाला. दहावीच्या मुलामुलींच्या गणित, विज्ञान, इंग्रजीच्या वह्या आपण अधूनमधून चाळतो. इतिहासाची वही मात्र कोणी उघडत नाही. ‘ते काय, परीक्षेच्या आठवड्यात पाठ करायचं,’ असे आम्हीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. त्यात टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते. त्यामुळे सोडून द्यायचा विषय म्हणजे सामाजिक शास्त्रे, हे बऱ्याच घरांत आधीच ठरलेले असते.

आणखी एक कारण आहे, ते आपण उघड बोलत नाही. इतिहासाच्या तासाला आपले लेकरू कधी कधी मान खाली घालून बसते. औरंगजेबाचे नाव निघाले की वर्गातले दोघे-तिघे वळून त्याच्याकडे बघतात. घरी आल्यावर ते हे सांगत नाही. ‘मला इतिहास आवडत नाही,’ एवढेच म्हणते. आणि आपणही म्हणतो, ‘पुस्तकात आहे ते लिही आणि मोकळा हो.’

म्हणून पालकांनी हा विषय एकदा समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आधी गुणांचा हिशेब. राज्य मंडळाच्या दहावीला सामाजिक शास्त्रे 100 गुणांची. त्यात इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर 40 गुणांचा, भूगोलाचा 40 गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचे. पहिल्या पेपरातले 28 गुण इतिहासाचे, 12 राज्यशास्त्राचे. इतिहासात योग्य पर्याय आणि चुकीची जोडी यांना 6 गुण, संकल्पनाचित्राला 4. म्हणजे निव्वळ पाठांतरावर मिळण्याजोगे गुण साधारण 10. उरलेले 18 गुण टीपा, ‘सकारण स्पष्ट करा’, उतारा आणि सविस्तर उत्तरे यांचे. तिथे स्वतःच्या शब्दांत मुद्दा मांडावा लागतो.

समजा, प्रश्न आला : ‘जुन्या कागदपत्रांचे जतन करणे गरजेचे असते, सकारण स्पष्ट करा.’ एक मूल लिहिते, ‘कारण ती फार महत्त्वाची असतात.’ हे कारण नव्हे, प्रश्नच पुन्हा लिहिला. दुसरे मूल लिहिते, कागदावरून त्या काळची भाषा, किमती, माणसांचे व्यवहार कळतात. कागद गेला तर ऐकीव गोष्टच उरते. गुण या दुसऱ्या उत्तराला मिळतात.

दहावीच्या पुस्तकाचे पहिले दोन पाठच इतिहासलेखनाचे आहेत. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे विचारायला ते शिकवतात. हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली, याची साखळी तपासण्याची शिस्त आपल्याच आलिमांनी उभी केली. बातमी आली की आधी खात्री करून घ्या, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. 1332 मध्ये ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’मध्ये हेच केले. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या सैन्याचा सहा लाखांचा आकडा इतिहासकार एकमेकांचे ऐकून लिहीत आले होते. एवढी फौज त्या प्रदेशात मावेल कशी, लढेल कशी, असा हिशेब मांडून त्यांनी तो आकडा नाकारला. नबींवर त्यांचा पूर्ण ईमान होता. शंका होती ती आकडा सांगणाऱ्यांवर.

मान खाली घालून बसणाऱ्या लेकराला नेमके हेच सांगायचे आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाच्या कारभाराचा जबाब त्याने द्यायचा नाही. तो वर्गात विद्यार्थी म्हणून बसला आहे, आरोपी म्हणून नाही. पण दुसरी बाजूही आहे. नाव मुसलमानाचे आहे म्हणून प्रत्येक सुलतानाची वकिली करायला आपण त्याला घरी शिकवू नये. राजाने चांगले केले ते चांगले, जुलूम केला तो जुलूम. दोन्हीला पुरावा हवा. मोबाइलवर फिरणारा मजकूर त्यांच्या बाजूचा असो की आपल्या, त्यालाही हाच नियम.

घरी तीन गोष्टी करता येतील. जेवताना मुलाने इतिहासातले काही सांगितले की विचारा, ‘हे कशावरून?’ दादा-दादींचा निकाहनामा, जमिनीचा जुना कागद असेल तर काढून दाखवा. तारीख कोणती, मेहेर किती, लिपी कोणती, साक्षीदार कोण, हे त्याला वाचू द्या. तिसरे, सहामाहीची उत्तरपत्रिका हातात घ्या. एकूण गुणांवर थांबू नका. ‘सकारण’ आणि सविस्तर प्रश्नांत किती गेले ते बघा. मग सरांना किंवा मॅडमना भेटून विचारा, उत्तरात काय कमी पडले? वर्गात टोमणे होत असतील तर तेही याच भेटीत शांतपणे सांगा. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे?

गुण वाढतील, इन्शाअल्लाह. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपले मूल ताठ मानेने हात वर करून विचारू शकेल, ‘सर, हे कशावरून?’

अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारे इल्म देवो. आमीन.