मजुरी कुठे मांडली?

साथींनो, २००३ साली सुरू झालेला 'व्हीलर डीलर्स' हा ब्रिटिश टीव्ही कार्यक्रम आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. माइक ब्रुअर जुनी मोटार विकत आणायचे, एड चायना गंज काढून, इंजिन उघडून ती उभी करायचे. शेवटी हिशेब : खरेदी, सुटे भाग, विक्री, नफा. मेकॅनिकच्या मजुरीचा रकानाच नाही! पुढे वर्कशॉपचे काम पडद्यावर कमी दाखवायचे ठरू लागले, तेव्हा २०१७ साली चायनांनी कार्यक्रम सोडला.

पीओएचला आलेले गंजके डबे पुन्हा रुळावर घालणाऱ्या आम्हाला यात नवल वाटत नाही. श्रम वगळून दाखवलेला नफा आम्ही नफा मानत नाही. रेल्वे असो वा टपाल, ठेक्यातली 'बचत' दाखवणारा कागद पुढे आला की एवढेच विचारा : मजुरी कुठे मांडली?