रिमोट कुणाच्या हातात?

गेल्या दिवाळीत मुलानं पुण्याहून होम थिएटर आणलं. चार दिवस घरात नुसता आवाज घुमत होता. मुलगा परत गेला आणि टीपॉयवर तीन रिमोट उरले. एक टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सचा, एक होम थिएटरचा.

एका दुपारी बचत गटाची बैठक आटोपून घरी आले, तर सासूबाई निळ्या पडद्यासमोर नुसत्या बसलेल्या. "आई, टीव्ही बिघडला का?" तर म्हणाल्या, "नाही गं, मलाच येत नाही. भलतंच काही दाबलं आणि मोडलं तर?" जेवण झाल्यापासून त्या तशाच बसून होत्या. खरं सांगू? मलाही ते येत नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत दहा बायकांचे अर्ज भरून देणारी मी, टीव्ही लावायला 'ह्यां'ची वाट बघत बसले! त्या संध्याकाळी ठरवलं, हे शिकायचंच.

चौकशी केल्यावर कळलं, की सगळ्यांचं काम करणारा एकच रिमोट मिळतो. जुना रिमोट त्याच्यासमोर, तोंडाला तोंड लावून धरायचा आणि एकेक बटण दाबून शिकवायचं. काही रिमोटमध्ये एकाच बटणात चार-पाच आज्ञा ओळीनं भरता येतात. त्याला 'मॅक्रो' म्हणतात. टीव्ही सुरू, बॉक्स सुरू, होम थिएटर सुरू, मग टीव्हीवर योग्य एचडीएमआय निवडायचं.

पहिल्यांदा फसलंच. टीव्ही सुरू झाला, पण पडदा निळाच. टीव्ही पुरता जागा व्हायच्या आत पुढची आज्ञा सुटत होती. मोहरी तडतडायच्या आत भाजी टाकली तर फोडणी कशी बसणार? मध्ये काही सेकंदांचं थांबणं भरलं आणि जमलं. दुसरी चूक नंतर कळली. टीव्ही आधीच सुरू असेल, तर तेच बटण त्याला बंद करतं! रिमोट बिचारा फक्त सांगतो, समोरचं यंत्र जागं की झोपलेलं हे त्याला कळत नाही. म्हणून घरात नियम केला, सगळं बंद असेल तेव्हाच हे बटण दाबायचं. आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत रिमोट यंत्रांकडेच धरायचा.

नवा रिमोट घ्यायलाच हवा असंही नाही. एचडीएमआय वायरनं जोडलेली यंत्रं पुष्कळदा एकमेकांना जागं करतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. आणि रिमोट चालतो की नाही, हे पाहायचं असेल तर तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा उजेड बऱ्याच फोनवर लुकलुकताना दिसतो. नाही दिसला, तर आधी सेल बदलून बघा.

मैत्रिणींनो, प्रश्न एका टीव्हीचा नाही. घरात नवी वस्तू येते, जोडणारा मुलाला किंवा 'ह्यां'ना समजावून जातो आणि आपण चहा ठेवायला आत असतो. मग दुपारी घरात एकटी राहणारी बाई त्याच वस्तूपुढे परकी होते. "तुला नाही कळायचं" हे कुणी म्हणावंही लागत नाही, आपण आधीच मान्य केलेलं असतं. पुरणपोळीचं प्रमाण वहीत लिहून ठेवणाऱ्या आपल्याला पाच बटणांचा क्रम लिहिता येणार नाही होय? पुढच्या वेळी चहा पाच मिनिटं उशिरा होऊ दे, पण समोर उभं राहून म्हणा, "दादा, मलाही दाखवा."

आमच्याकडे त्या बटणावर मी लाल टिकली चिकटवली आहे. परवा शेजारच्या काकू आल्या, तर सासूबाईच त्यांना सांगत होत्या, "हे दाबायचं आणि थोडं थांबायचं. घाई नाही करायची. मोडत नाही काही!"