थाळनेर का दिसत नाही?

प्रवासवर्णन हा आपल्याकडे अभ्यासक्रमात हौसेने नेमला जाणारा, पण समीक्षेत फारसा गांभीर्याने न घेतला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. त्यामुळे ‘प्रेक्षणीय स्थळ’ ही कल्पना कोणी तपासून पाहत नाही. स्थळ आपल्या अंगच्या गुणांनी प्रेक्षणीय असते आणि लेखक तिथे जाऊन ते नुसते टिपतो, असे सर्रास गृहीत धरले जाते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. स्थळ प्रेक्षणीय होते ते त्याच्यावर लिहिले गेल्यामुळे. याच्या पुष्ट्यर्थ आम्ही दोन जुन्या राजधान्या वाचकांपुढे ठेवतो. एक कैरो आणि दुसरी धुळे जिल्ह्यातील थाळनेर.

ही जोडी वाचून कोणाला हसू येईल. त्यांनी पुढील तारखा पाहाव्यात. इ.स. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा याला तापीकाठचे थाळनेर आणि जवळचे करवंद जहागीर म्हणून दिले. १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला आणि खानदेशातील फारुकी घराण्याचा आरंभ झाला. १३९९ मध्ये तो वारला. थाळनेरलाच त्याचे दफन झाले. त्याच १३८२ साली कैरोत बर्कूक हा सर्केशियन वंशाचा, गुलाम म्हणून विकत आणलेला सरदार सुलतान झाला. तोही १३९९ मध्येच वारला. इतिहासकार इब्न खल्दून ट्युनिस सोडून इजिप्तकडे निघाला तेही १३८२ सालीच. दोन्ही राज्यांचा परस्परसंबंध होता असा आमचा दावा नाही. समकालीन असलेल्या या दोन राज्यकर्त्यांपैकी एकाचीच वास्तू आपल्या वाचकाच्या सहलीत का येते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कैरोला जाणारा मराठी प्रवासी गिझाचे पिरॅमिड पाहतो, संग्रहालय पाहतो आणि मग खरेदीसाठी खान अल-खलीलीच्या बाजारात शिरतो. हा बाजार बर्कूकच्याच एका सरदाराने वसवला. तिथून काही पावलांवर, मुइझ्झ रस्त्यावर, बर्कूकचा मदरसा आहे. प्रवासी मान वर करून घुमट पाहतो आणि घरी येऊन ‘इतिहास जिवंत झाला’ असे लिहितो. हाच मनुष्य धुळ्याहून सकाळी निघाला तर थाळनेर पाहून दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो. पण तो जात नाही. विचारले तर म्हणतो, तिथे पाहण्यासारखे आहे काय?

आहे काय ते सांगतो. फारुकी राजांच्या कबरी आहेत, त्यांतली एक अष्टकोनी आहे. नसीरखानाने बुऱ्हाणपूर वसवले, पुढे राजधानी तिकडे गेली, तरी त्यानंतरच्याही काही राजांचे दफन थाळनेरलाच झाले. तापीवरचा किल्ला आहे. १४१७ मध्ये याच नसीरखानाने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन तो आपल्या सख्ख्या भावाकडून हिसकावून घेतला. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला. पण २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज आली तेव्हा किल्ला सरळ हाती लागला नाही. दरवाजात झालेल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडले. मग आतल्या सुमारे ३०० अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आली. या फाशीची चर्चा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचली. एखाद्या कादंबरीला याहून अधिक काय हवे? अरबस्तानातून येऊन तापीकाठी मेलेल्या त्या शिपायांवर मराठीत एक चांगली कथा असती, तर आज तिथे वाचकांची रीघ लागली असती.

कैरोने हे साधले आहे. नगीब महफूज यांचा जन्म १९११ मध्ये जुन्या कैरोतील जमालिया वस्तीत झाला. १९५६-५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत्रयीची तिन्ही नावे त्या भागातील गल्ली-रस्त्यांची आहेत. १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या गल्ल्या जगाच्या वाचनात आल्या. आज वाचक तिथे पोहोचतो तो कादंबरीच्या मागोमाग. आपण मात्र दगडांना श्रेय देतो.

आता आक्षेप. पहिला असा की, फारुकी परके होते, त्यांच्या कबरींशी आपला काय संबंध? आम्ही विचारतो, बर्कूक कैरोचा कोण होता? विकत आणलेला परदेशी गुलाम. तरीही कैरोच्या इतिहासातून त्याला कोणी वजा करत नाही. आणि ज्या खानदेशाच्या नावाने आपण अभिमान बाळगतो, ते नावच फारुकींच्या ‘खान’ या किताबावरून पडले असे एक मत आहे. कान्हदेश, स्कंददेश अशा इतर व्युत्पत्तीही सांगितल्या जातात. वाद मिटलेला नाही हे मान्य, पण वाद आहे म्हणून दोनशे वर्षांची राजवट पुसता येत नाही.

दुसरा आक्षेप, थाळनेर पडके आहे, कैरो जागतिक वारसा आहे. १९७९ पासून आहे, खरे. पण तिथेही सारे आलबेल नाही. गेल्या काही वर्षांत रस्ते आणि उड्डाणपुलांसाठी कैरोच्या ऐतिहासिक दफनभूमीतील कित्येक कबरी पाडल्या गेल्या. फरक इतकाच की तिथल्या लेखक-अभ्यासकांनी आवाज उठवला, कोरीव शिळा टिपून ठेवल्या. थाळनेरची एखादी शिळा उद्या हरवली, तर ती हरवली हे सांगणारा मजकूर मराठीत कुठे सापडेल?

आणि हे घडते कुठे? ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, त्या धुळ्याच्या जिल्ह्यात. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले. त्या हिंडण्याला कोणी सहल म्हणत नाही. पण आपल्या प्रवासवर्णनाने घ्यायला हवा तो धडा तिथेच आहे, की आधी शोधावे, मग पाहावे आणि मग लिहावे. आज क्रम असा झाला आहे की सहल कंपनी दाखवते ते पाहावे आणि माहितीपत्रकात असते ते लिहावे. देशीवादावर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या चर्चासत्रांना यात काही विसंगती दिसत नसेल, तर तो देशीवाद व्यासपीठापुरताच आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

कैरोला जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. अवश्य जावे, पण बर्कूकच्या घुमटाखाली उभे राहिल्यावर त्याचा समकालीन मलिक राजा ज्याला आठवेल, तोच प्रवासी कैरोविषयी मराठीत काही नवे लिहू शकेल. बाकीच्यांचे लिखाण इंग्रजी मार्गदर्शिकेची मराठी प्रत ठरेल.

म्हणून प्राध्यापकांना आमची एकच सूचना आहे. खानदेशातील महाविद्यालयांत प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी ‘वैशिष्ट्ये’ पाठ करायला लावू नका. त्यांना एक दिवस थाळनेरला न्या, तिथल्या लोकांशी बोलू द्या, तापीकाठी बसून चार पाने लिहू द्या आणि त्या पानांना गुण द्या. चाळीसांतले एक पान जरी चांगले निघाले, तरी मराठीच्या नकाशावर एक राजधानी परत येईल.